डोळ्यांत तेल घालून

६ जानेवारी, सोमवार

खताच्या दुकानदाराने दरवर्षी डायरी द्यायची आणि आम्ही ती दरवर्षी कपाटात टाकायची, हा आमच्या घरचा रिवाज. यंदा तो मोडतोय, कारण आज लेन्स आली. एवढ्या मोठ्या गोष्टीची कुठेतरी नोंद पाहिजे. फेसबुकवर टाकली तर नजर लागेल, असं माझ्या बायकोचं, काजलचं म्हणणं.

कल्याणचा एक फोटोग्राफर धंदा बंद करून गावी चालला होता, त्याच्याकडून घेतली. सत्तर-दोनशेची, लांबवरचं जवळ आणणारी. हातात धरली की मुसळाचा तुकडा उचलल्यासारखं वाटतं. किन्हवलीतला माझा स्टुडिओ म्हणजे आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स. लग्नं मोबाईलवाल्यांनी आणि ड्रोनवाल्यांनी खाल्ली. पण बैलगाड्यांच्या शर्यती परत सुरू झाल्यापासून शहापूर-मुरबाडकडच्या प्रत्येक बैलमालकाला फ्लेक्सवर छापायला आपल्या जोडीचा फोटो पाहिजे, तोसुद्धा सगळे पाय हवेत असलेला. तो मोबाईलमध्ये येत नाही. माझा दोस्त संजू शर्यती यूट्यूबवर लाइव्ह दाखवतो, त्याच्याबरोबर आता मी फोटोला जाणार. हे जमलं तर जमलं, नाहीतर आयुष्यभर लोकांना ‘मान सरळ, हनुवटी खाली’ सांगत बसायचं.

लेन्स टॉवेलात गुंडाळून आणली. काजल म्हणाली, “बाळ आणलात, पन बाळंतीन कुठं सोडलीत?”

बाबांनी बघायला हात पुढे केला. मी दिली नाही. काचेला कोणी बोट लावायचं नाही, हा पहिला नियम घरात जाहीर केला. बोटाचा तेलकटपणा काचेत शिरतो.

तशी ती बाबांना दिसलीही नसती. त्यांचा डावा डोळा मी शाळेत असताना गेला. झोडणी चालू होती, भाताचं कुसळ डोळ्यात गेलं आणि चिघळलं. उजव्यात आता मोतीबिंदू पिकलाय. बाबा, म्हणजे लोकांचा रामू, एके काळचे गाडी हाकणारे. बिनजोडला, म्हणजे जोडीला जोडी भिडते त्या शर्यतीला, रामू उतरला की समोरच्याचा बैल आधी नजरेनेच जोखायचा, असं अजून लोक सांगतात. मग शर्यती बंद झाल्या. परत सुरू झाल्या तोवर उरलेला डोळाही धूसर झाला.

“टापा ऐकू येतात, धूळ नाकात जाते, पन बैल दिसत नाय,” म्हणाले. “एक डाव बघायचा हाय रे. मंग काय नाय मागनार.”

१२ जानेवारी, रविवार

धसईच्या अंगाला माळावर शर्यत. नव्या लेन्सची पहिलीच. जिथे शर्यत संपते तिथे दोरीच्या आत गुडघ्यावर बसलो होतो. पाखऱ्याची जोडी आली. हा पाखऱ्या म्हणजे सध्याचा हिरो, पांढराशुभ्र, कपाळावर काळा ठिपका. अंगावरच आली म्हणा ना! चाकाखालचा खडा उडाला आणि थेट लेन्सच्या तोंडावर. टच्च!

बघतो तर फिल्टर, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायची साधी काच, पापडासारखी तडकली होती. तिच्यामागे लेन्स जशीच्या तशी. मी तिथेच बसून तिला नमस्कार केला. संजू म्हणाला, “आरं तो खडा डोक्यात बसला असता तर?” मी म्हणालो, डोक्याला टाके घालता येतात.

खड्यापेक्षा गुलाल वाईट. जिंकला की इथे मूठभर नाही, पोतंभर उधळतात. पिठाहून बारीक. लेन्स जिथे फिरते त्या फटीत शिरला की तिचा निकाल लागला. मी कॅमेरा शर्टात घालून पाठ फिरवली. जिंकलेल्या जोडीला पाठ दाखवणारा फोटोग्राफर मीच पहिला असेन. मालक रागावला. रागावू दे.

घरी येऊन सगळं बाबांना सांगितलं.

“म्हंजे पुढची काच मेली, म्हनून मागची वाचली?”

“हो.”

“बराबर हाय. पुढं कोनतरी उभा रायला पायजे.”

१६ जानेवारी, गुरुवार

म्हसोबाच्या यात्रेत बैलबाजाराचे फोटो केले, म्हणून शहापूरच्या डोळ्यांच्या शिबिराला मला जाता आलं नाही. काजल बाबांना घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, पडदा चांगला आहे, ऑपरेशन होईल, दिसेल. पण एकच डोळा उरलाय, तेव्हा नंतर घरच्यांनी लक्ष द्यायचं. हे काजलने मला दोनदा सांगितलं. मी एकदाच ऐकूनही समजतो, हे तिला कधी पटणार देव जाणे.

ऑपरेशनच्या आधीपासून घालायचे थेंब दिलेत. काजल घालते. थेंब पडला की बाबा लहान मुलासारखे पाय झाडतात.

२२ जानेवारी, बुधवार

झालं एकदाचं. मी पोहोचलो तेव्हा बाबा डोळ्याला पट्टी लावून बाकावर बसले होते. सिस्टर आम्हाला सूचना देत होत्या. धूळ लागू द्यायची नाही. पाणी जाऊ द्यायचं नाही. धक्का लागू द्यायचा नाही. चोळायचं नाही. बाहेर पडताना काळा चष्मा. मी हसायलाच लागलो, ही तर माझ्या लेन्सची यादी! काजलने चिमटा काढला.

“आजोबा, आत नवीन लेन्स बसवली आहे,” सिस्टर म्हणाल्या. “तिला जपायचं.”

बाबा खूश. रिक्षात सारखं चालू, “आता आमच्या घरात दोन लेन्सा. एक पोराची, एक माजी.”

२४ जानेवारी, शुक्रवार

काल पट्टी काढली. बाबांना दिसतं!

ही ओळ मला मोठ्या अक्षरांत लिहावीशी वाटते. काल घरी आल्यापासून ते नुसते बघत फिरतायत. कुडाला हात लावून बघतात, कोंबड्या मोजतात. काजलला म्हणाले, “कानामागं तीळ हाय का गो तुझ्या? लग्नाला चार वरसं झाली, आज दिसला.” काजल आत जाऊन रडली. मीही रडलो असतो, पण माझ्या हातात कॅमेरा होता.

बाबा तिसरी शिकलेत. शाळा सुटल्यावर अक्षरं विसरली नव्हती, पण गेली काही वर्षं दिसतच नव्हती. आता दिसेल ते वाचतात. कॅलेंडर वाचलं, मिठाची पिशवी वाचली, एसटी थांबून होती तोवर तिची पाटी वाचली. अक्षराला अक्षर जोडून वाचायचं आणि शब्द लागला की मांडीवर थाप मारायची. शेजारची तानीकाकू म्हणाली, “रामूदादा मास्तर झाला.”

पाखऱ्याचा फोटो दाखवला. पुष्कळ वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “फोटूत तो थांबलेला हाय. मना पळताना बघायचाय.”

मी शब्द दिला. फेब्रुवारीत सरळगावच्या अलीकडे मोठी बिनजोड आहे, तिथे नेईन.

२९ जानेवारी, बुधवार

आज एक डोकं चालवलं, त्याची नोंद.

लेन्स पुसायचं पातळ औषध मोठ्या फवाऱ्याच्या बाटलीत येतं. ते बॅगेत गळतं, फवारा मारला की थेंब कडेने आत जातात, आणि शर्यतीच्या धुळीत तर त्याचा चिखलच होतो. पाहिजेत फक्त दोन थेंब, तेही फडक्यावर. तर बाबांची ऑपरेशनआधीच्या थेंबांची रिकामी बाटली पडली होती. बोटाएवढी, दाबली की एकेक थेंब. गरम पाण्याने धुतली, वरचा कागद खरवडला, औषध भरलं. वर जखमेला लावायची पट्टी चिकटवून मार्करने ठळक लिहिलं, ‘लेन्स’. नाहीतर संजू नाकात घालायचा, त्याला बारा महिने सर्दी.

काजल म्हणाली, “औषधाच्या बाटलीत दुसरं काय भरू नये.” का, तर भरू नये. तिच्या आईने सांगितलंय. आता आईने सांगितलं म्हटल्यावर शास्त्र संपलं. मी हसून सोडून दिलं.

बाटली खिडकीच्या फळीवर ठेवली, लेन्सच्या डब्याजवळ. तिथेच बाबांची औषधं असतात, म्हणजे जपायच्या सगळ्या वस्तू एका जागी. बाबांनी लगेच उचलून डोळ्यासमोर धरली. “ले... न... लेन्स!” मांडीवर थाप. जोडाक्षर वाचलं म्हणून काजलने टाळ्या वाजवल्या.

२ फेब्रुवारी, रविवार

डोळखांबच्या रस्त्याला शर्यत. धूळ इतकी की माणूस माणसाला दिसेना. मी प्लास्टिकची पिशवी कॅमेऱ्यावर चढवून रबर लावलं, तोंडाला फिल्टर, त्याच्यापुढे हूड, म्हणजे आडोशाची नळी. दोन गाड्यांच्या मध्ये पंपाने फुस्स करून धूळ उडवायची, मग फडकं. आधी पुसलं तर धुळीचे कण काचेवर घासतात. लोक मला हसतात. “फोटू काढतो का पोराचा शेंबूड पुसतो?” म्हणाला एक जण. हसा. लेन्स मी डोळ्यांत तेल घालून जपतोय, आणि आज आठ मालकांनी फोटो मागितले.

काजल संध्याकाळच्या गाडीने माहेरी खर्डीला गेली. तिच्या आईचा पाय मोडलाय. निघताना उंबऱ्यावरून परत आली. “थेंब तुमी घालायचे. त्यांच्या हातात बाटली देऊ नका. संपत आलेत, मंगळवारी नवीन आणा.” हो म्हणालो. परत एकदा सांगितलं. परत हो म्हणालो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांचे थेंब शहापूरहून आणायचे होते. पण आठ फोटोंचे फ्लेक्स करायला सरळगावला गेलो, तिथे छपाईवाल्याने पांढऱ्या बैलाचा पिवळा केला. भांडण, परत छपाई. उशीर झाला. उद्या आणतो.

घरी आलो ते तडक लेन्सकडे. बाबा जवळ येऊन बसले आणि विचारलं, “लेन्सवर धुरकट आला तर काय करतोस रे?”

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या कामातलं काही पहिल्यांदा विचारलं. मला फार बरं वाटलं. सविस्तर सांगितलं. आधी फुंकायचं, कोरडं चोळायचं नाही, मग या बाटलीतले दोन थेंब, मग मऊ फडकं. रोज एकदा केलं की काच चकाचक. बाबा शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते. “दोन थेंब,” म्हणाले. “आनि झोंबला तर?” मी म्हणालो, काचेला काय झोंबणार! दोघंही हसलो.

संजू उद्या येतो म्हणालाय, रविवारची तयारी आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांचा डोळा थोडा लाल आहे, पाणी येतंय. विचारलं तर म्हणाले, “जरा चुरचुरतो. औषध म्हनल्यावर चुरचुरनारच.” मला एकदम आठवलं, थेंब आणायचे राहिले. तोंडात मारून घ्यावीशी वाटली. पण बाबाच म्हणाले, “हाय की बाटलीत अजून. माज्या हातानं घालतो मी. येतं मना.”

म्हणजे काजल उगाच घाई करत होती. अजून आहे तर शनिवारी शहापूरला जाणं होईलच, तेव्हा आणू. आणि स्वतःच्या हाताने घालतात, हे चांगलंच झालं.

एक मात्र कळत नाही. लेन्सची बाटली परवाच भरली होती, आज अर्ध्यावर. संजूला झापलं. तो मोबाईलची काच पुसायला वापरतो, दुसरं कोण? तो आईची शपथ घेऊन नाही म्हणतो. त्याने आतापर्यंत आईच्या किती शपथा घेतल्यात ते मला माहीत आहे. बाटली परत भरून ठेवली.

८ फेब्रुवारी, शनिवार

शहापूरला जाणं झालं नाही. उद्याच्या शर्यतीचा मंडप, स्पीकर यांतच दिवस गेला; फोटोही सगळे मलाच करायला सांगितलेत. हे मोठं काम आहे. हे जमलं तर पुढच्या सगळ्या शर्यतींना मीच.

बाबा आजचा दिवस पडूनच होते. डोकं दुखतंय म्हणाले. उद्या नका येऊ म्हटलं तर उठून बसले. “नाय. उद्याच बघायचाय.” का कोण जाणे, उद्याच असं दोनदा म्हणाले. बहुतेक पाखऱ्या उतरणार हे कुणीतरी सांगितलं असेल.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस माझ्या आयुष्यात परत येणार नाही.

बाबांना काळा चष्मा लावून, डोक्याला मफलर गुंडाळून नेलं. शर्यत संपते त्या रांगेतच एक आंबा आहे, त्याच्या सावलीत खुर्ची टाकून दिली. माझ्या समोरच, बैलांच्या वाटेच्या पलीकडे. धुळीत चष्मा काढायचा नाही, सांगितलं. हाक मारली की हात वर करत होते. जुने लोक येऊन पाया पडले, रामूदादा आला म्हणून स्पीकरवर पुकारलं. बाबांना भरून आलं असावं, चष्म्याखालून पाणी वाहत होतं.

पाखऱ्याची गाडी सुटली तेव्हा मी श्वास धरला. एकच फोटो. दोन्ही बैल जमिनीच्या वर, हाकणारा मागे कलंडलेला, चाकाची धूळ मागे रेषेत. कॅमेऱ्यात मोठा करून बघितला, तर आंब्याची पानंसुद्धा मोजून घ्यावीत. लेन्सवर एक कण नव्हता. इतके दिवस जपल्याचं चीज झालं. गुलाल उधळला तेव्हा मी नेहमीसारखा कॅमेरा शर्टात घालून वळलो.

येताना रिक्षात बसलो.

“बघितलात ना?” मी विचारलं.

“बघितला.”

थोड्या वेळाने म्हणाले, “पाखऱ्याच जितला नं?”

मी हसलो. गुलाल त्यांच्या समोरच उधळला होता! मग म्हणाले, “तू सांग. कसा आला तो? तुज्या तोंडून ऐकू दे.” मी घरापर्यंत सांगत राहिलो. असे आम्ही दोघं कधी बोललो नव्हतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

काजल आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी बाबांचा चष्मा काढला. तिच्या तोंडातून जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता.

डोळा पांढरा झालाय. बुबुळावर साय धरल्यासारखं. मी कालपासून, नाही, गुरुवारपासून नीट बघितलाच नव्हता.

शहापूरहून लगेच मुंबईला पाठवलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार, मुंबई

इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कोणते थेंब घालत होतात? काजलने निघताना फळीवरचं सगळं एका पिशवीत ओढून घेतलं होतं. ती पिशवी तिने टेबलावर उपडी केली. थेंबांची रिकामी पिवळी बाटली, गोळ्या, कापूस. आणि पांढरी पट्टी लावलेली बाटली.

डॉक्टरीणबाईंनी ती उचलली. वास घेतला. “हे काय आहे?”

तपासणीच्या खुर्चीत बसलेल्या बाबांनी प्रश्नावरून ओळखलं असावं. माझ्याआधी तेच बोलले.

“तीच ती. लेन्सची. पोरानं आनलेली. पयली संपली नं, मंग ही घातली. झोंबायची, पन मी काय तक्रार नाय केली.” मग थोड्या अभिमानानेच म्हणाले, “वर लिवलाय बाई. मी वाचला.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. नंतर बाहेर बोलावून सांगितलं. बुबुळ भाजलंय, टाक्यातून आत पू झालाय. प्रयत्न करू. त्या ‘प्रयत्न’ ज्या आवाजात म्हणाल्या, त्यात काही नव्हतं.

जिन्याजवळ काजल उभी होती. मी तिच्याजवळ गेलो. ती म्हणाली, “डोळ्यांत तेल घालून जपलीत नं लेन्स.” एवढंच. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

गुरुवारचं पान उघडून वाचलं. ‘बाटली परत भरून ठेवली.’ माझंच अक्षर आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काही झालं नाही. आत दोनदा इंजेक्शनं दिली, पू काढला. काल सांगितलं की आता उजेडही कळत नाही. ती नवीन लेन्स पण काढून टाकली.

घरी आणलं. बाबा उंबऱ्यावर पाय आपटून उभे राहिले, घर कुठून सुरू होतं ते विसरल्यासारखे. पूर्वी धूसर का होईना दिसत होतं, तेव्हा हाताला काठी लागत नव्हती. आता तानीकाकूने तिची काठी दिली.

मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. बाटली मी भरली, नाव मी लिहिलं, थेंब मी आणले नाहीत. ते म्हणाले, “तुला काय म्हाईत मी वाचीन म्हनून. एवडी वरसं वाचत व्हतो का मी?”

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी मागे जाऊन गोठ्याच्या भिंतीवर डोकं टेकून रडलो. काजल पाणी भरायला आली, बघितलं, आणि हंडा घेऊन परत गेली.

२ मार्च, रविवार

शर्यत होती. गेलो नाही. संजूने दोन हाका मारल्या आणि गेला. आज त्याच्याकडे बघून मला फक्त आठवलं की मी त्याला बाटलीवरून चोर ठरवलं होतं. माफी मागायचीही शक्ती नाही.

७ मार्च, शुक्रवार

पाखऱ्याच्या मालकाला मोठा फ्लेक्स हवाय, नऊ फेब्रुवारीच्या त्या फोटोचा. देतो म्हणालो होतो, म्हणून स्टुडिओ उघडला. कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला. बैलांच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, आंबा आहे. आंब्याखाली खुर्ची. बाबा.

लेन्स स्वच्छ होती, त्यामुळे सगळं स्पष्ट आलंय. चष्मा कपाळावर सरकवलेला. दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरलेली. समोर दोन पावलांवरून बैल चाललेत, सगळे खुर्च्यांवर उभे आहेत, सगळ्यांची तोंडं बैलांकडे. बाबांचं तोंड दुसरीकडे आहे. स्पीकर लावला होता त्या खांबाकडे.

म्हणजे त्यांनी पाखऱ्या बघितलाच नाही. त्यांना दिसत नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि माझं मन राखायला ते ‘बघितला’ म्हणाले. उद्याच बघायचाय, असं आदल्या दिवशी का म्हणाले तेही कळलं. डोळा विझत चाललाय हे त्यांना कळत होतं. मला सांगितलं असतं तर मी शर्यत सोडून दवाखान्यात गेलो असतो का? लिहायला हात धजत नाही, पण मला माहीत नाही.

फोटोचा कोपरा कापून फ्लेक्स दिला.

१४ मार्च, शुक्रवार

आज धुळवड. बाहेर पोरं रंग उडवतायत. मी लेन्स विकायला काढायची ठरवली होती, म्हणून डबा घेऊन पडवीत बसलो. झाकणाचा आवाज बाबांनी ओळखला.

“लेन्स का रे ती?”

“हो.”

“तिला काय झाला नाय नं?”

“नाही.”

त्यांनी हात पुढे केला. जानेवारीत केला होता तसाच. मी लेन्स त्यांच्या हातात दिली. त्यांनी वजन तोललं, गोल फिरवून बघितली, मग अंगठा पुढच्या काचेवर ठेवला आणि सावकाश फिरवला. फिल्टर लावलेला नव्हता. अंगठ्याला हळद लागली होती, काजलबरोबर मिरच्या-हळद निवडत बसले होते. काचेवर पिवळा फराटा उमटला.

“गुळगुळीत हाय,” म्हणाले. “कुठं वरखडा नाय.”

“नाही बाबा.”

“बरा झाला,” बाबा म्हणाले. “दोनातली एक तरी वाचली.”

काजल आतून आली, त्यांच्या हातातून लेन्स घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मग बाबांचा अंगठा पदराने पुसला. माझ्याकडे न बघताच ती त्यांना आत घेऊन गेली. मी तसाच बसून आहे. औषध, फडकं, सगळं डब्यात आहे. हात जात नाही.